साडेआठचा पाऊस

परवा दुपारी जेवून जरा लवंडलो आणि लाईट गेली. मे महिन्यात आंजर्ल्यात दुपारी लाईट जाणं काय असतं ते इथल्याच माणसाला विचारा. हातपंखा शोधत देवघरात गेलो तर उदबत्त्यांचा नळा हाताला लागला. काचेचा उभा नळा, अंगावर बारीक बारीक रेघा, आत उदबत्त्या आणि तळाला राख. गेली काही वर्षं काकूने तो देवापुढे ठेवलाय आणि मी रोज बघतोय, पण परवा अंधारात बोटांना त्या रेघा लागल्या तेव्हा एकदम आठवलं की अरे, हा तर नानांचा पाऊस मोजायचा ग्लास!

नाना म्हणजे माझे आजोबा. २०२१ च्या श्रावणात गेले, अठ्ठ्याण्णव वर्षांचे होते. पेपरात बोटभर बातमी आली, 'माजी सैनिक, निवृत्त शास्त्रज्ञ आणि कुटुंबवत्सल'. या तिसऱ्या शब्दाचं आणि माझं जमत नाही. जन्मभर बायकोला रडवणारा माणूससुद्धा गेला की दुसऱ्या दिवशी कुटुंबवत्सल होतो. नाना कधी कोणाला जवळ घेऊन लाड करतायत असं मी बघितलेलं नाही. ते पाय बघायचे.

म्हणजे असं, की पावसाळ्यात संध्याकाळी दिवेलागणीला आम्ही सगळी पोरं ओटीवर एका ओळीत बसायचो आणि नाना जुना पंचा घेऊन एकेकाचा पाय मांडीवर घेऊन बोटांच्या मधली जागा कोरडी करायचे, मग तिथे पावडर, मग पुढचा पाय. चिखल्या दिसल्या तर दुसऱ्या दिवशी शाळा बंद, पण ओटीवरून खाली उतरणंही बंद. गुदगुल्या व्हायच्या, हसलं की टपली बसायची. 'पाय सडले की माणूस संपला' एवढंच म्हणायचे, आणि आम्हाला ते शाळेत चालत जाण्याबद्दल वाटायचं. ते इंफाळबद्दल होतं हे मला फार उशिरा कळलं.

वीस वर्षांचे असताना ते सैन्यात गेले, वायरलेसवर. १९४४ च्या मार्चअखेर जपान्यांनी कोहिमाकडून येणारा रस्ता तोडला आणि इंफाळ कोंडलं गेलं. तो रस्ता मोकळा झाला थेट २२ जूनला. तोवर दारूगोळ्यापासून पिठापर्यंत सगळं विमानातून, आणि वर तिकडचा पाऊस. हे मी नंतर वाचून सांगतोय, नानांच्या तोंडून लढाई म्हणून काही आलं नाही. एक गोष्ट मात्र ते दरवर्षी कोणाच्या तरी लग्नात सांगायचे. मलेरिया होऊ नये म्हणून मेपाक्रीनच्या गोळ्या द्यायचे, त्या खाऊन खाऊन सगळी पलटण पिवळी पडायची. 'माझी हळद दोनदा लागली, पहिली मणिपुरात' असं म्हणायचे आणि आजी दर वेळी तेवढीच लाजायची. जपानी कसे दिसायचे, तुम्ही कोणाला मारलंत का, असं एकदा मी विचारलं होतं. ते म्हणाले, पाऊस फार होता. आणि उठून गेले.

युद्धानंतर पुण्यात बीएस्सी केलं आणि वेधशाळेत लागले, पुण्यातल्याच सिमला ऑफिसात. म्हणजे आयुष्यभर लोकांकडून एकच विनोद ऐकायचा, वेधशाळेने पाऊस सांगितलाय ना, मग छत्री घरी ठेवा. नाना यावर कधीच हसले नाहीत. १९८८ ला शास्त्रज्ञ वसंत गोवारीकरांचं पावसाच्या अंदाजाचं सोळा घटकांचं मॉडेल आलं तेव्हा रिटायर होऊन सात वर्षं झाली होती, तरी घरात उत्सव असल्यासारखं चाललेलं. कुठल्या समुद्राचं तापमान, हिमालयावरचं बर्फ, ते सगळं आजीला ओटीवर बसवून समजावलं. आजी आमसुलं उलटत म्हणाली, सतरावा माझा गुडघा लिहून ठेवा. २००२ ला सोळा घटकांनी सर्वसाधारण पाऊस सांगितला आणि पडला दुष्काळ. त्या वर्षी गुडघाही दुखत होता हे नानांनी अगदी मुद्दाम नोंदवून ठेवलेलं.

तर ग्लास. रिटायर होऊन गावी आले ते पर्जन्यमापक घेऊनच. अंगणात मधोमध, जमिनीपासून एक फूट वर त्याचं तोंड, पाच इंचाचं. आसपास झाड नको, मांडव नको, वळणीवर कपडे नकोत. कोकणात अंगणातली मोकळी जागा बाईला वापरायची नाही म्हटल्यावर फणसाची साटं कुठे वाळवायची, कुळीथ कुठे घालायचे, यावरून जी भांडणं झाली ती वेगळीच लिहावी लागतील. रोज सकाळी साडेआठला, मिनिट इकडे तिकडे नाही, नाना ग्लास घेऊन बाहेर. मग वहीत आकडा. मग हर्णैचा आकडा मिळवायचा, कारण हर्णैला सरकारी वेधशाळा आहे आणि आम्ही खाडीच्या अलीकडे. 'हर्णैला बासष्ट, आपल्याकडे एकाहत्तर' हे असं सांगायचे की जसा काही तो पाऊस आम्हीच पाडलाय.

एकदा नाना एका लग्नाला पुण्याला गेले, आजी घरी राहिली आणि तिने दोन दिवस वहीत शून्य लिहून ठेवलं, कारण जानेवारीत कुठला पाऊस. भांड्यात बघायला काही गेली नाही. नाना आले आणि ते दोन्ही शून्य खोडून आडव्या रेघा मारल्या. शून्य म्हणजे बघितलं आणि नव्हता, रेघ म्हणजे बघितलंच नाही. आजी म्हणाली, अहो पण नव्हताच. नाना म्हणाले, तुला काय माहीत. दोन दिवस अबोला.

आणि माझा गुन्हा. दिवाळीची सुट्टी, आभाळ निळंभोर, मी असेन सात-आठ वर्षांचा. सकाळी अंघोळ करून येताना पर्जन्यमापकात फुलपात्रभर पाणी ओतलं आणि दारामागे उभा राहिलो. नाना आले, पाणी ग्लासात ओतलं, डोळ्याजवळ धरलं, वर आभाळाकडे बघितलंसुद्धा नाही. आत येऊन वहीच्या कडेला गुणाकार केला आणि आजीला विचारलं, आपल्याकडे दोनशे मिलिलिटरचं फुलपात्र कुठलं गं? आजी म्हणाली न्हाणीतलं. न्हाणीत त्या वेळी मी सोडून कोण गेलेलं! मार नाही पडला. ती वही अजून आहे, त्या तारखेला पावसाच्या रकान्यात शून्य आणि शेऱ्यात 'नातू, १५.८ मिमी'.

हे असलं घरात वाढल्यामुळे मला एक खोड लागलीय. कोणी म्हणालं की काय पाऊस पडला काल, की मी विचारतो, किती? लोक म्हणतात, अरे धो धो. धो धो म्हणजे किती? बायको आता पाहुण्यांसमोर पावसाचा विषयच काढत नाही.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. माड पडले, पोफळी झोपल्या, कौलं कुठल्या कुठे, वीज पुढे कित्येक दिवस नव्हती. वारा उतरल्यावर नाना काठी टेकत दारात आले. अंगणात उत्तरेकडचा माड आडवा होता आणि त्याच्याखाली पर्जन्यमापक. बराच वेळ बघत उभे राहिले. छप्पर गेल्याचं त्यांना सांगितलं तेव्हा नुसती मान हलवली. वहीत ४ जूनला रेघ आहे. त्याच्या पुढे काहीच नाही, रेघासुद्धा नाहीत.

परवा लाईट आल्यावर उदबत्त्या काढून ग्लास धुतला. काकू म्हणाली, मग या ठेवू कुठे? काल दुपारी अंगणात जुन्या जागी काचेची बरणी नेऊन ठेवली. तिच्या तोंडाचं माप वेगळं, म्हणजे नानांचा ग्लास तिला चालणार नाही, पट्टीने मोजावं लागेल, चालेल. साडेआठचा गजर लावला.

जाग आली तेव्हा नऊ वाजून गेलेले आणि अंगण ओलं. बरणी जागेवर नाही. रात्री चांगला पडला हो, असं म्हणत काकूने चहा पुढे ठेवला. बरणी तिने काल संध्याकाळीच लोणच्याला म्हणून धुऊन आत नेली होती.