बारा इंच गवत आणि होमरूल

जूनच्या शेवटी आम्ही भारतातून परत आलो, पाच आठवडे, चुलतभावाचं लग्न, मग आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, मग "आलीच आहेस तर" म्हणून चार ठिकाणची केळवणं, असं सगळं उरकून. पोरं गाडीतच झोपलेली, आमचे डोळे चुरचुरतायत, आणि ड्राइव्हवेत गाडी वळवताना नवरा म्हणतो, "अगं, हे आपलंच घर ना?" कारण समोरचं लॉन कोणीतरी मुंजीतल्या बटूसारखं भादरून ठेवलेलं. पार मुळापर्यंत. आणि दाराच्या मुठीला एक नारिंगी कार्ड लटकतंय, त्यावर पेनाने टिक केलेली, हाय ग्रास अँड वीड्स.

तर झालं असं की गवत कापायला आम्ही एकाला सांगून गेलो होतो, तो दोनदा आला आणि तिसऱ्यांदा आला नाही. मे-जूनमध्ये इकडे नॉर्थ टेक्ससला पाऊस पडला की गवत काय वेगाने वाढतं ते इथे राहणाऱ्यांनाच कळेल. आमच्या सिटीचा नियम आहे बारा इंचांचा, आसपासच्या बऱ्याच शहरांचा तोच आहे. त्याच्या वर गेलं की नोटीस. नोटीस आलेली, रजिस्टर पोस्टाने, पण आम्ही तेव्हा मांडवात. मुदत संपली, सिटीने स्वतःचा कॉन्ट्रॅक्टर पाठवला, त्याने कापलं, आणि बिल आमच्या नावावर. कापायचे पैसे एक वेळ ठीक आहेत हो, पण वर जी ॲडमिन फी लावलीय ती कापण्यापेक्षा जास्त! आणि खाली बारीक अक्षरात, पैसे न भरल्यास प्रॉपर्टीवर लीन. लीन म्हणजे आपल्याकडे सातबारावर बोजा चढवतात ना, तेच.

गवतासाठी घरावर बोजा. बाबांना फोनवर सांगितलं तर ते इतके हसले की आईने फोन काढून घेतला.

मी दुसऱ्या दिवशी तणतणत फोन लावला. कोड एन्फोर्समेंटचा, म्हणजे सिटीचे नियम पाळायला लावणाऱ्या खात्याचा, जो ऑफिसर होता तो इतका सभ्य निघाला की माझं भांडण अर्ध्यातच विरलं. त्याने सांगितलं की राज्याच्या कायद्याप्रमाणे नोटिशीनंतर किमान सात दिवस द्यावे लागतात, आम्ही तर दहा दिले, आणि बाय द वे, वर्षाच्या आत पुन्हा वाढलं तर परत नोटीस न देताही कापता येतं. मी विचारलं तुम्ही रोज गल्लीगल्लीत फूटपट्टी घेऊन फिरता का? तर म्हणे नाही, आमच्याकडे मुख्यतः तक्रार आली की आम्ही जातो.

म्हणजे कोणीतरी तक्रार केलेली. आता हे कळल्यावर पुढचा आठवडाभर मी कुत्रं फिरवणाऱ्या प्रत्येक माणसाकडे कशा नजरेने बघत होते ते विचारू नका.

हे सगळं लिहायचं कारण वेगळंच आहे. त्या ऑफिसरने जाता जाता सांगितलं की याच विषयावर कौन्सिलमध्ये पुढच्या मंगळवारी चर्चा आहे, तक्रारीची वाट बघायची की सिटीने स्वतःहून फिरून केसेस शोधायच्या, तुम्ही येऊन बोला. मी अकरा वर्षं इथे राहतेय, सिटी हॉलमध्ये फक्त लायब्ररी कार्डासाठी गेले होते. गेले. बाहेर एक कार्ड भरून द्यायचं, नाव, पत्ता, कुठल्या विषयावर बोलणार, आणि मग तीन मिनिटं. घड्याळ समोर, हिरवा दिवा, पिवळा, लाल. मी सिटिझन नाही, ग्रीन कार्डवाली आहे, मला इथे साध्या नगरसेवकालाही मत देता येत नाही, प्रॉपर्टी टॅक्स मात्र दरवर्षी मुकाट्याने भरते. पण त्या कार्डावर सिटिझन आहात का असा रकानाच नव्हता. हे मला फार भारी वाटलं, अजूनही वाटतं.

सभा अडीच तास चालली आणि खरं सांगू, कुठल्याही मराठी मालिकेपेक्षा रंगली. एक आजोबा म्हणाले माझी जमीन, माझं गवत, मी काय ते बघेन, सिटी कोण लागून गेली. टाळ्या. त्यांच्या मागोमाग एक बाई उठल्या, शेजारच्या घरात तीन वर्षं कोणी राहत नाही, स्विमिंग पूलमध्ये हिरवं पाणी, डास, उंदीर, सिटी काहीच करत नाही म्हणून रडकुंडीला आलेल्या. त्यांनाही टाळ्या, आणि मी बघत होते, टाळ्या वाजवणारी माणसं बरीचशी तीच! माझी तीन मिनिटं मी प्रवासाला गेलेल्यांना ईमेल तरी करा एवढ्यावर घालवली, पिवळा दिवा लागल्यावर घाईघाईत थँक्यू म्हणून बसले.

मग विषय निघाला एअरबीएनबीचा, म्हणजे शॉर्ट टर्म रेंटल. आमच्याच मागच्या गल्लीत एक घर आहे, मालक कुठे दुसऱ्या राज्यात, दर शुक्रवारी नवीन लोक, आठ-आठ गाड्या, रात्री दोनपर्यंत ढिनचॅक. लोक म्हणत होते बंदी घाला. कौन्सिलवाले कचरत होते, कारण डॅलसने जून २०२३ मध्ये सिंगल फॅमिली वस्त्यांमध्ये अशी बंदी घातली आणि डिसेंबरमध्ये कोर्टाने ती अंमलात आणायलाच मनाई केली. शिवाय एक मेंबर म्हणाले, आपण होमरूल सिटी आहोत पण ऑस्टिनवाले, म्हणजे राजधानीतलं राज्य सरकार, आपले हात रोज थोडे थोडे बांधतायत.

होमरूल! माझ्या डोळ्यासमोर थेट लोकमान्यांची पगडी. एप्रिल १९१६, बेळगाव, होमरूल लीग, शाळेत पाठ केलेलं. मी नवऱ्याला टेबलाखालून मेसेज केला की इथे टिळकांची आठवण काढतायत. त्याने उत्तर पाठवलं, दूध संपलंय.

घरी येऊन वाचत बसले. तर इथला होमरूल असा की टेक्ससमध्ये १९१२ साली राज्यघटनेत दुरुस्ती झाली, पाच हजारांच्या वर लोकवस्ती असलेल्या शहराला स्वतःची सनद करता येते, चार्टर, लोकांनी मत देऊन मंजूर केलेली. ज्याच्याकडे चार्टर आहे ते होमरूल, त्याला राज्याने नाही म्हटलं नसेल ते सगळं करता येतं. ज्याच्याकडे नाही ते जनरल लॉ सिटी, त्याला राज्याने हो म्हटलं असेल तेवढंच करता येतं. फरक एवढाच, पण केवढा! नोकरीत बघा ना, एक बॉस म्हणतो विचारल्याशिवाय काही करू नका आणि दुसरा म्हणतो मी अडवलं नाही तोवर करत राहा. अमेरिकेत मुळात पहिला बॉस होता, आयोवातले जज जॉन डिलन यांनी १८६८ साली लिहून ठेवलं की शहराला स्वतःचा असा अधिकार नाही, राज्य देईल तेवढाच, त्याला अजून डिलन्स रूल म्हणतात. त्याला वळसा घालायला होमरूल आला, घटनेत तो आणणारं मिसूरी पहिलं, १८७५.

आता गंमत म्हणजे राज्याने नाही म्हटलं नसेल तर, यातलं ते "नाही" राज्य केव्हाही म्हणू शकतं. आमच्यापासून जवळच डेंटन आहे, युनिव्हर्सिटीचं गाव, तिथे गावाच्या हद्दीत घरांच्या शेजारी गॅसच्या विहिरी खोदत होते. नोव्हेंबर २०१४ ला लोकांनी मतदान करून फ्रॅकिंगवर, म्हणजे दाबाने पाणी सोडून जमिनीतला खडक फोडून गॅस काढण्यावर, बंदी घातली, जवळपास ५९ टक्क्यांनी. दुसऱ्या दिवशी सकाळी कोर्टात केस. आणि मे २०१५ मध्ये राज्याने कायदाच केला की तेल आणि गॅसच्या खोदकामाचा विषय राज्याचा, शहरांनी यात पडू नये. जूनमध्ये डेंटनच्या कौन्सिलने मुकाट्याने बंदी मागे घेतली. लोकांनी स्वतः मत देऊन केलेला नियम सात महिने टिकला.

प्लास्टिकच्या पिशव्यांचं तर ऐकाच. लारेडो म्हणून मेक्सिकोच्या सीमेवरचं शहर, त्याने दुकानातल्या पिशव्यांवर बंदी घातली होती, ती टेक्ससच्या सुप्रीम कोर्टाने २२ जून २०१८ ला रद्द केली, कारण राज्याचा कायदा आड येतो. आणि २३ जून २०१८ ला आपल्या महाराष्ट्रात प्लास्टिकबंदीची अंमलबजावणी सुरू झाली! आठवतंय ना, भाजीवाल्याकडे जाताना सगळे पॅन्टच्या खिशात कापडी पिशवी कोंबून निघालेले. इकडे राज्य म्हणतं एकाही गावाने बंदी घालायची नाही, तिकडे राज्य म्हणतं सगळ्या गावांनी पाळायची. गावाला काय वाटतं हे दोन्हीकडे कोणी विचारलं नाही.

त्याच्यावर कडी म्हणजे २०२३ चा कायदा, एचबी २१२७, विरोधकांनी त्याला नाव ठेवलं डेथ स्टार, स्टार वॉर्स सिनेमातलं अख्खा ग्रह उडवणारं शस्त्र. त्याने एकेक नियम न पकडता कामगार, शेती, इन्शुरन्स, प्रॉपर्टी असे कायद्याचे आठ अख्खे विभागच घेतले आणि सांगितलं की इथे राज्याने स्पष्ट परवानगी दिल्याशिवाय शहरांनी नियम करायचे नाहीत. म्हणजे परत पहिला बॉस. यात सगळ्यात जास्त बोंब झाली ती पाण्यावरून. ऑस्टिनने २०१० ला आणि डॅलसने २०१५ ला नियम केला होता की बांधकामावरच्या मजुरांना दर चार तासांनी दहा मिनिटं विश्रांती द्यायची, पाणी प्यायला. दहा मिनिटं हो! टेक्ससच्या जुलैमध्ये! मी गाडीतून घरात शिरेपर्यंत घामाने भिजते. ह्यूस्टन, सॅन अँटोनिओ, एल पासो कोर्टात गेले, कायदा लागू व्हायच्या आदल्या दिवसांत एका न्यायाधीशांनी तो घटनाबाह्य ठरवला, आणि जुलै २०२५ मध्ये वरच्या कोर्टाने तो निकाल फिरवला.

मी इथवर वाचून पक्की शहरवाली झाले होते. मग मला दारावरचं तोरण आठवलं.

आमच्या आधीच्या घराला एचओए होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आपल्याकडची हाउसिंग सोसायटी समजा, पण तिप्पट खडूस. टेक्ससमध्ये २०११ चा एक कायदा होता की दारावर धार्मिक वस्तू लावायला एचओएने मनाई करू नये, पण त्यात मर्यादा होती, सगळं मिळून पंचवीस चौरस इंच. पाच बाय पाच. एवढ्यात काय बसतं? एक स्वस्तिक आणि शुभ लाभ मधलं फक्त शुभ. २०२१ मध्ये राज्याने कायदा बदलला आणि ती इंचांची अट काढून टाकली, आता झेंडूचं तोरण दाराभर लावा. इथे राज्याने वरून दांडगाई केली आणि मी खूश. तसंच २०१९ मध्ये राज्याने शहरांना सांगितलं की घराच्या बाहेरून वीटच हवी असली सक्ती करू नका, राष्ट्रीय बिल्डिंग कोडला चालतं ते तुम्हाला चाललं पाहिजे. वीट महाग, म्हणजे साध्या माणसाला घर महाग. तेही मला पटतं. मग माझं तत्त्व काय उरलं? तर मला सोयीचं ते.

तरी मोजायचंच झालं तर मी शहराच्या बाजूने. टेक्ससची विधानसभा विषम वर्षी बसते, तीही १४० दिवस. सम वर्षाच्या फेब्रुवारीत काही बिनसलं तर गव्हर्नरने खास अधिवेशन बोलवेपर्यंत बसा जपमाळ ओढत. सिटी कौन्सिल आमचं महिन्यातून दोनदा बसतं, पंधरा मिनिटांवर, आणि मत नसलेल्या बाईचं तीन मिनिटं ऐकून घेतं. ऑस्टिनपर्यंत साडेतीन तास ड्रायव्हिंग करून गवताचं गाऱ्हाणं कोण सांगणार?

हे बाबांना समजावत होते तर ते म्हणाले, "अगं तुझं ठीक आहे, तुला कापायच्या आधी नोटीस तरी येते." त्यांच्या समोरच्या इमारतीत खालच्या माणसाने मार्जिनमध्ये पत्र्याची शेड टाकून गॅरेज काढलंय, सोसायटीने तीन अर्ज दिले, पोच आहे, शिक्का आहे, शेडही आहे. नगरसेवकाकडे जावं तर बरीच वर्षं नगरसेवकच नव्हते. मुंबई-पुण्याच्या महापालिकांची मुदत मार्च २०२२ ला संपली आणि जानेवारी २०२६ ला निवडणूक होईपर्यंत सगळा कारभार प्रशासकाकडे, बाकी शहरांचंही कमी-जास्त तसंच. ७४ वी घटनादुरुस्ती झाली, बाराव्या परिशिष्टात अठरा विषय लिहिले, नगररचना त्यात पहिलीच, पण ते विषय महापालिकेला द्यायचे की नाही हे ठरवणार राज्य. बांधकामाचे नियम बघा, डिसेंबर २०२० पासून मुंबई आणि थोडे भाग सोडून अख्ख्या राज्याला एकच युनिफाइड डीसीआर, कोकणातल्या नगरपरिषदेला तोच आणि नागपूरलाही तोच. आर्किटेक्ट लोक खूश आहेत म्हणे, एकच पुस्तक पाठ करायचं. असेल. पण जिथे चार महिने पाऊस धो धो कोसळतो तिथली पागोळी कुठे पडावी हे तिथल्या माणसाला जास्त कळतं असं मला आपलं वाटतं.

"आणि गुंठेवारीचं काय?" बाबा म्हणाले. आधी बेकायदा बांधायचं, मग दंड भरून नियमित करून घ्यायचं, २००१ पासून त्यासाठी कायदाच आहे. मी म्हटलं बाबा, इथे लोक गवतावर भांडतात. ते म्हणाले भांडू देत, गवतावर भांडायला मिळणं ही चैन आहे.

बिल भरलं मी. बोजा नको. कौन्सिलने ठरवलं की तूर्त तक्रारीवरच चालू ठेवायचं, माणसं कमी आहेत, आणि बाहेरगावी असलेल्यांसाठी ईमेलचं "बघतो" म्हणाले. शॉर्ट टर्म रेंटलचा विषय पुढे ढकलला.

गेल्या शुक्रवारी त्या मागच्या घरात परत पार्टी, आणि यावेळी चार गाड्या थेट लॉनवर चढवलेल्या. लॉनवर गाडी लावणं आमच्याकडे कोडचं उल्लंघन आहे हे मला आता माहिती आहे ना. सिटीचं ॲप डाउनलोड केलं, फोटो काढला, पाठवला. नाव गुप्त ठेवायचं का असा एक चौकोन होता, त्यावर टिक केली. नवरा मागून बघत होता. काही बोलला नाही, फक्त जाऊन आमच्या गवतात फूटपट्टी धरून आला. साडेसात इंच.