ऑइलचा ग्रेड बिलावर लिहून घ्यायला दोन तास

गाडीला कोणतं इंजिन ऑइल लागतं हे शोधायला मला पाच मिनिटं लागली. डॅशबोर्डच्या कप्प्यातलं मॅन्युअल काढलं, मागचा तक्ता पाहिला: ०डब्ल्यू-२०, ते न मिळाल्यास ५डब्ल्यू-३०. तेच ऑइल गाडीत पडेल याची खात्री करायला मात्र दोन तास गेले, आणि आठवडा झाला तरी माझा राग उतरलेला नाही.

गेल्या वर्षी याच वर्कशॉपमध्ये सर्व्हिसिंग केलं होतं. त्यानंतर नाशिकच्या थंडीत सकाळी बाबांना फिजिओथेरपीला न्यायला गाडी चालू केली, की पहिले चार-पाच सेकंद इंजिनातून टकटक यायची. बिल काढून पाहिलं तर नुसतं 'इंजिन ऑइल, ३.५ लीटर'. ग्रेडचा पत्ता नाही. म्हणून या वेळी काउंटरवरच विचारलं.

"मॅडम, कंपनीचंच असतं, टेन्शन नका घेऊ."

"पण ग्रेड कोणता?"

"पेट्रोलच्या सगळ्या गाड्यांना एकच टाकतो."

जॉब कार्डावर लिहून द्या म्हटलं, तर सिस्टीममध्ये तशी जागाच नाही म्हणे. पेनाने लिहा म्हटलं, तर फोरमनला विचारावं लागेल. फोरमन जेवायला गेलेला. पाऊण तासाने आला आणि मलाच समजावू लागला, "आपल्याकडचा उन्हाळा बघा ना. झीरो डब्ल्यू म्हणजे पाणी. इथे जाडच ऑइल पाहिजे."

हे इतक्या जणांकडून ऐकलंय, की इथे सांगतेच. डब्ल्यू म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा थंड इंजिनात ऑइल किती सहज वाहतं ते सांगतो. जितका लहान, तितकं ते चालू करताना वरच्या भागापर्यंत लवकर पोचतं. इंजिनाची झीज त्या पहिल्या काही सेकंदांत जास्त होते. दुसरा आकडा १०० अंश सेल्सिअसला ऑइल किती दाट राहतं त्याचा. इंजिन तापलं, की बाहेर नाशिक असो नाहीतर मे महिन्यातलं जळगाव, आतलं ऑइल साधारण त्याच आसपास असतं. पातळ ऑइल धरून बनवलेल्या इंजिनात आपल्या मनाने जाड ऑइल ओतून त्याचं भलं होत नाही.

शेवटी मी सरळ आत गेले. ऑइलच्या ड्रमचं लेबल भिंतीकडे होतं. तिथल्या कामाच्या मुलाला ड्रम फिरवायला लावला. १५डब्ल्यू-४०. मॅन्युअलचं पान उघडून शेजारी धरलं, तेव्हा फोरमन गप्प झाला. आणि मग ०डब्ल्यू-२० चा सीलबंद कॅन आला कुठून? त्यांच्याच स्पेअर पार्टच्या काउंटरवरून, दोन मिनिटांत! म्हणजे माल होता, फक्त द्यायचा नव्हता. कॅन माझ्यासमोर फोडला आणि बिलावर पेनाने ग्रेड लिहून शिक्का मारला. त्या बिलाचा मला अभिमान आहे.

ग्रेडशिवाय ऑइलचा दर्जाही लिहिलेला असतो. मॅन्युअलमध्ये एपीआय (अमेरिकन दर्जा) एसएन लिहिलंय आणि कॅनवर एसपी आहे, म्हणून बिचकू नका. एसपी हा २०२० पासूनचा पुढचा दर्जा, एसएनच्या जागी चालतो. बीएस-६ डिझेल गाडी असेल तर जास्त सांभाळा. तिच्यात धुराचा फिल्टर असतो, त्याला जळल्यावर कमी राख सोडणारंच ऑइल लागतं. एसीईए (युरोपियन दर्जा) सी२ किंवा सी३ असं काही मॅन्युअलमध्ये असेल ते अक्षर न् अक्षर पाळा.

हो, आणि ऑइल काळं पडलं म्हणजे संपलं असं नाही. पण आमच्यासारखी गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच फिरत असेल, तर ऑइल नीट तापतच नाही. मग १०,००० किलोमीटरची वाट न पाहता वर्षाला बदला. ऑइल भरल्यावर इंजिन मिनिटभर चालवून बंद करायचं, दहा मिनिटं थांबायचं आणि डिपस्टिक स्वतः पाहायची. दोन खुणांच्या मध्ये हवं, वरच्या खुणेच्या वर अजिबात नको.

जुनं ऑइल काढायला इंजिनाखालचा जो नट उघडतात, त्याचा वॉशर नवीन टाकायलाही तेव्हाच सांगा. मी गडबडीत विसरले आणि परवा पार्किंगमध्ये रुपयाएवढा डाग दिसला. उद्या परत त्याच काउंटरवर जायचंय.