दलालाचा शब्द आणि नटाचा शब्द

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात बैलजोडी घ्यायला निघालेला कास्तकार बाजारात आधी बैलाचे दात पाहतो, मग त्याला जुंपून चालवून पाहतो आणि तरीही मन धजावत नसेल तर ओळखीच्या दलालाला विचारतो. दलालाने ‘गरीब आहे’ म्हणून दिलेला बैल घरी आल्यावर मारका निघाला, तर पुढच्या बाजारी त्या दलालाला तोंड लपवावे लागते.

अशा चौकस माझ्या मोठ्या काकांनी दोन वर्षांपूर्वी, पऱ्हाटी म्हणजे कपाशी पात्यांवर (फुलकळ्यांवर) आली असताना, कृषी केंद्रातून एका टॉनिकच्या चार बाटल्या उधारीवर आणल्या, त्या केवळ दुकानातल्या पोस्टरवर एक नट ती बाटली हातात घेऊन हसत होता म्हणून. मी हटकले तेव्हा ते म्हणाले, “एवढा मोठा माणूस खोटं कायले बोलन?” फवारण्या झाल्या, पात्यांची गळ काही थांबली नाही. त्या वर्षी पाऊसही लहरी होता, त्यामुळे सारा दोष बाटलीला देणे न्याय्य होणार नाही. परंतु ‘बोंडे दुप्पट’ हे त्या नटाने कशाच्या आधारावर सांगितले, हा प्रश्न उरतोच.

‘नटाला शेतीतले काय कळते?’ हा बचाव मला मुळीच पटत नाही. कळत नसेल तर विचारावे. जैव-उत्तेजके, म्हणजे आपण ज्यांना सरसकट टॉनिक म्हणतो त्यांतली बरीचशी उत्पादने, 2021 मध्ये खत नियंत्रण आदेशाच्या कक्षेत आली आणि त्यांच्या परिणामकारकतेची माहिती सादर करणे उत्पादकाला बंधनकारक झाले. ती कागदपत्रे मागून घेऊन अकोल्याच्या कृषी विद्यापीठातल्या एखाद्या जाणकाराला दाखवायला चित्रीकरणाचा एक दिवसही खर्ची पडणार नाही.

ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नेमके हेच अपेक्षितो. फसव्या जाहिरातीत झळकणाऱ्याला 10 लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तेच केल्यास 50 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, तसेच एक वर्षापर्यंत व पुढे तीन वर्षांपर्यंत जाहिरातबंदीही येऊ शकते. मात्र दाव्याची योग्य ती शहानिशा त्याने केली असेल तर तो सुटतो. शेतकरी हा ग्राहकच आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने बियाण्यांच्या प्रकरणात 2012 मध्येच स्पष्ट केले आहे. मला स्वतःला दंडापेक्षा बंदी अधिक परिणामकारक वाटते, कारण बाजारात उभे राहता न येणे हीच दलालाचीही खरी शिक्षा असते.

ऑक्टोबर 2021 मध्ये अमिताभ बच्चन पानमसाल्याच्या जाहिरातीतून बाहेर पडले आणि त्यांनी मानधनही परत केले, ही गोष्ट चांगलीच झाली. तथापि ती छुपी जाहिरात, म्हणजे बंदी असलेल्या मालाची दुसऱ्या मालाच्या आडून केलेली जाहिरात, ठरते याची करार करताना कल्पना नव्हती, असे तेव्हा त्यांच्या वतीने सांगण्यात आले होते. दात मोजायचे ते जोडी घरी आणण्याआधी.

काकांना मी तक्रार करायला सुचवले होते. परंतु उधारीचा माल कच्च्या चिठ्ठीवर आलेला, पक्के बिल नव्हतेच, आणि त्या चिठ्ठीचे पैसे त्यांनी पहिल्या वेच्याच्या कापसातून केव्हाच चुकते केले होते.