पेनसिल्व्हेनियातली शाकारणी

बाबा मे महिन्यात आमच्याकडे न्यू जर्सीतल्या एडिसनला आले, पण निम्मं मन गावीच ठेवून आले. आगोटीचे दिवस. सावंतवाडीजवळच्या आमच्या घरावर दर मे महिन्यात माणसं चढतात, कौलं उतरवतात, रिपा आणि वासे ठोकून बघतात, कुजकं काढून नवं बसवतात आणि पावसाच्या आत घर पुन्हा शाकारून होतं. बाबांच्या बहात्तर वर्षांत ते हजर नसलेली ही पहिलीच शाकारणी. माझे आजोबा सुतार. बाबांची नोकरी एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेली, पण लाकूड हाताशी आलं की त्यांचा अंगठा आपोआप त्याच्या रेषांवरून फिरायला लागतो.

इकडची घरंही लाकडाचीच, पण ते लाकूड सगळं भिंतीच्या आत दडलेलं. तीन आठवड्यांत बाबांना अंगठा फिरवायला काही मिळालं नव्हतं. माझ्या लेकीला, सईला, रोलर कोस्टरमध्ये बसायचं होतं. दोघांचं एकाच ठिकाणी जमेल अशी जागा मला ठाऊक होती. पेनसिल्व्हेनियात एलिसबर्ग नावाच्या लहानशा गावाजवळ कनोबल्स नावाचं पार्क आहे आणि तिथे ‘फिनिक्स’ नावाचा लाकडी रोलर कोस्टर आहे.

शुक्रवारी दुपारी निघालो आणि रात्रीचा मुक्काम जिम थॉर्पला केला. डोंगरांच्या कुशीत, लीहाय नदीच्या काठी वसलेलं हे गाव. 1954 पर्यंत त्याचं नाव मॉक चंक होतं. 1827 मध्ये इथल्या खाणीतला कोळसा नदीपर्यंत आणायला नऊ मैलांचा उताराचा रूळमार्ग बांधला. कोळशाच्या वाघिणी नुसत्या उतारावर सोडून द्यायच्या. रिकाम्या वाघिणी परत वर ओढायला खेचरं. ती खेचरंही खाली येताना वाघिणीत बसूनच यायची! पुढे कोळसा दुसऱ्या वाटेने जाऊ लागला, पण लोक पैसे देऊन नुसत्या घसरण्यासाठी येतच राहिले. अमेरिकेतल्या रोलर कोस्टरचं मूळ इथे आहे. 1884 मध्ये ला मार्कस थॉम्पसन याने न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर लाकडी ‘स्विचबॅक रेल्वे’ उभारली आणि पाच सेंटात एक फेरी द्यायला सुरुवात केली, त्याच्या कितीतरी आधी या डोंगरात माणसं वाघिणीत बसून ओरडत होती. बाबांना खेचरांची गोष्ट फार आवडली. रात्री झोपताना त्यांनी ती सईला पुन्हा सांगितली, मालवणीतून.

सकाळी साडेनऊलाच कनोबल्सला पोचलो. या पार्कला फाटक नाही. प्रवेश फुकट, गाडी लावायलाही पैसे नाहीत. ज्या राइडमध्ये बसाल तिचेच पैसे. त्यामुळे राइड सुरू होण्याआधीही झाडांखालून फिरता येतं. 1926 पासून एकाच कुटुंबाचं हे पार्क, आणि या घराण्याचा लाकडाचाही धंदा आहे. झाडी दाट, मधून रोअरिंग क्रीक वाहतो, त्यावर छप्पर घातलेला लाकडी पूल. बाबा पुलावर थांबले, कठड्यावरून हात फिरवला, काही बोलले नाहीत.

मग झाडांच्या मागून फिनिक्स दिसला. पांढऱ्या रंगाचं, अठ्ठ्याहत्तर फूट उंचीचं खांबांचं रान. खांब उभे, तिरके आधार त्यांना छेदत गेलेले, आडव्या पट्ट्या एकावर एक, आणि या सगळ्याच्या माथ्यावरून 3,200 फूट लांबीची वाट वरखाली होत गेलेली. सईचं लक्ष सर्वात उंच चढाकडे. बाबांचं लक्ष सर्वात खाली, जिथे खांब काँक्रीटवर टेकतो तिथे.

“पाणी हयच मुरता,” ते म्हणाले. “खांब नेहमी पायातून कुजता.”

वर रुळावर एक माणूस चालत होता. कमरेला पट्टा, एका हातात हातोडी, दुसऱ्यात लांब पाना. चार पावलं टाकायचा, वाकायचा, ठोकायचा, ऐकायचा. मध्येच पाना लावून एखादा नट आवळायचा. आम्ही खाली उभे राहून पंधरा-वीस मिनिटं त्याच्याकडे बघत होतो. लाकडी कोस्टर चालवायचा तर हे रोज करावं लागतं. लाकूड ओलाव्याने फुगतं, उन्हाने आकसतं, वरून गाड्यांचे हादरे बसतात. काल घट्ट असलेला बोल्ट आज सैल सापडतो. म्हणून पहिली गाडी सुटण्याआधी कुणीतरी ती वाट पायी चालून येतं. पोलादी रोलर कोस्टरचीही तपासणी होतेच, पण इथे तपासणीचं मुख्य हत्यार म्हणजे माणसाचा कान. चांगलं लाकूड हातोडीखाली खणखणीत बोलतं, आतून सडलेलं बद्द वाजतं.

“वाश्यार असोच ठोकतत,” बाबा म्हणाले, आणि पहिल्यांदाच इथे त्यांचा चेहरा घरी असल्यासारखा दिसला.

तो माणूस खाली उतरला तेव्हा आम्ही अजून तिथेच होतो. साठीकडे झुकलेला, हात बाबांच्या हातांसारखेच. मी सांगितलं की माझे आजोबा सुतार होते आणि माझ्या वडिलांना लाकूड बघायचंय. तो क्षणभर थांबला आणि कुंपणापलीकडच्या ढिगातून रुळाचा कापून काढलेला वीतभर तुकडा आणून त्याने बाबांच्या हातात दिला.

लाकडी कोस्टरचा रूळ म्हणजे एक तुळई नसते, हे मी वाचलं होतं. ते हातात घेतल्यावरच नीट कळलं. सात-आठ फळ्या एकावर एक रचून, खिळ्यांनी जोडून तो थर तयार होतो. फळी पातळ असते म्हणूनच ती वळणावर वाकते. एका फळीचा सांधा दुसरीच्या सांध्यावर येऊ द्यायचा नाही. वरच्या दोन फळ्या रुंद, बाहेर आलेल्या, आणि त्यांच्यावर पोलादी पट्टी. गाडीची मुख्य चाकं पट्टीवरून धावतात, बाजूची चाकं कडेला घासून दिशा धरतात, आणि तिसरी चाकं त्या बाहेर आलेल्या फळ्यांच्या खालून जातात. ही खालची चाकं नसती तर गाडी टेकाडावरून सुटून उडाली असती. ती जॉन मिलर नावाच्या अभियंत्याने शंभर वर्षांपूर्वी आणली, आणि त्यानंतरच लाकडी कोस्टर खऱ्या अर्थाने उंच आणि दांडगे झाले.

बाबांनी तुकडा उलटासुलटा केला. खालच्या फळ्या पिवळ्याधमक, नव्यासारख्या. वरच्या दोन फळ्यांत प्रत्येक खिळ्याभोवती काळा डाग, आणि एका डागात नख सहज रुतलं. पाणी पट्टीखाली शिरतं, खिळ्याच्या भोकातून आत उतरतं आणि तिथेच बसून राहतं. आमच्या पडवीच्या वाशाचंही हेच होतं. कौल फुटतं एक बोटभर, आणि वासा जातो खिळ्यापाशी. बाबांनी तो रुतलेला नखाचा खड्डा मला दाखवला, मग त्या माणसाला दाखवला. त्याने मान डोलावली. भाषा लागली नाही.

मी मध्ये पडून दुभाष्याचं काम केलं. बाबांनी विचारलं, लाकूड कुठलं? दक्षिणेकडचा पिवळा पाइन, औषध दाबून भरलेला. सगळा रूळ एकदम बदलता का? नाही, दर हिवाळ्यात पार्क बंद असताना जिथे झीज जास्त, तेवढाच तुकडा. झीज जास्त कुठे? बाबांनी उत्तराची वाट न बघता बोटाने उताराच्या तळाकडे दाखवलं. बरोबर होतं. गाडी खाली येऊन वर वळते तिथे सगळा भार रुळावर येतो. टेकाडाच्या माथ्यावर गाडी हलकी होते, तिथलं लाकूड जास्त टिकतं.

या कोस्टरची खरी गोष्ट मात्र मी बाबांना नंतर, बाकावर बसून सांगितली. फिनिक्स इथला नव्हेच. 1947 मध्ये टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओच्या प्लेलँड पार्कमध्ये तो ‘रॉकेट’ नावाने उभा राहिला. हर्बर्ट श्मेक याने फिलाडेल्फिया टोबोगन कंपनीसाठी त्याची आखणी केली होती. 1980 मध्ये ते पार्क बंद पडलं. रॉकेट तिथे तसाच उभा, बिनागाडीचा, बिनामाणसांचा. कनोबल्सच्या लोकांनी तो विकत घेतला आणि 1985 च्या सुरुवातीला उतरवायला घेतला. मूळ नकाशे हाताशी नव्हते. म्हणून प्रत्येक फळीवर, प्रत्येक खांबावर खूण घातली, ते सगळं ट्रकांवर लादून जवळजवळ अर्धा देश ओलांडून आणलं, इथे नवा पाया ओतला, आणि चार्ली डिन याच्या देखरेखीखाली ते रान पुन्हा उभं केलं. त्याच वर्षी जूनमध्ये पहिली गाडी सुटली. 2018 मध्ये त्याला जगातल्या लाकडी कोस्टरांत पहिल्या क्रमांकाचा ‘गोल्डन तिकीट’ पुरस्कार मिळाला.

बाबा बराच वेळ वर बघत राहिले. मग म्हणाले, “म्हंजे जुनी फळीच नकशो.”

हे मला सुचलं नव्हतं. आजोबांचीही तीच रीत होती, ते सांगू लागले: मोडकं आधी फेकायचं नाही. नव्या लाकडावर ठेवून त्यावरून आखून घ्यायचं, खाच तिथेच, भोक तिथेच, आणि नवं बसल्यावरच जुनं चुलीत. आमच्या घरातला एकही वासा आता आजोबांच्या हातचा नाही. पण प्रत्येक वासा त्यांनी बसवलेल्या वाशाच्या मापाचा आहे.

दुपारी सई आणि मी फिनिक्समध्ये बसलो. चार डबे, चोवीस माणसं, दोघांत मिळून एकच दांडा मांडीवर. गाडी फलाटावरून निघते ती थेट काळ्याकुट्ट बोगद्यात. मग साखळी पकडते आणि खाली कटकट कटकट सुरू होतं. साखळी तुटली तरी गाडी मागे घसरू नये म्हणून दात्यांत अडकत जाणारा खटका तो. माथ्यावर आल्यावर एक क्षण शांतता. आणि मग उतार.

वेग ताशी पंचेचाळीस मैल. आकड्यात फार नाही, पण लाकूड तो वेग अंगात पोचवतं. सारा सांगाडा थोडा डुलतो, दणका खातो, पुन्हा सावरतो. डुलणं हा दोष नाही, तो तसाच बांधलेला असतो; ताठ राहिला तर मोडेल. शेवटी लहान टेकाडांची रांग लागते आणि प्रत्येक माथ्यावर माणूस आसनावरून सुटतो, दांड्याला लागतो, पुन्हा बसतो. सई हसत होती की रडत होती ते कळायला मार्ग नव्हता. उतरल्याबरोबर म्हणाली, “परत.”

संध्याकाळी परत बसलो तेव्हा गाडी दुपारपेक्षा नक्कीच जोरात धावत होती. दिवसभर चाकं तापतात, ग्रीस मऊ होतं, आणि लाकडी कोस्टर दिवस कलेल तसा मोकळा होत जातो. ज्यांना हे ठाऊक आहे ते शेवटच्या फेरीसाठी थांबतात.

आता अनेक पार्कांत जुन्या लाकडी सांगाड्यावर पोलादी रूळ बसवतात. टेक्सासमधल्या ‘टेक्सास जायंट’चं 2011 मध्ये तसं केलं आणि लोकांना तो आवडला. खर्चाचं गणित मला कळतं. दर हिवाळ्याला लाकूड, सुतार, रोजचं चालणं, हे सगळ्यांना परवडत नाही. ज्या ठिकाणी लाकूड पुन्हा पुन्हा मार खातं तिथे पोलाद घालण्यालाही माझी हरकत नाही. पण सगळाच रूळ बदलला की ती सकाळची हातोडी थांबते, आणि कान तयार झालेली माणसं पुढच्या पिढीत उरत नाहीत. फिनिक्सवर अजून ती हातोडी चालते याचा मला मनापासून आनंद वाटतो.

बाबा गाडीत बसले नाहीत. गुडघे नको म्हणाले. आम्ही दोनदा जाऊन आलो तेवढा वेळ ते त्याच कुंपणापाशी उभे होते. गाडी वरून गेली की खांब किती हलतो ते बघायला त्यांनी दूरचा एक विजेचा खांब ओळंब्यासारखा नजरेत धरला होता. “दोन बोटां,” त्यांनी सांगितलं. “आणि परत जाग्यार.”

परतीला इंटरस्टेट 80 वर अंधार पडला. रात्रीचे नऊ, म्हणजे गावी सकाळचे साडेसहा. बाबांनी माझा फोन मागून घेतला आणि काकांना लावला. तब्येत, जेवणखाण, सईची परीक्षा असं काहीच विचारलं नाही.

“वसंता, माणसां कधी चढतली? सोमवारी? आयक. मागच्या पडवीचो तिसरो वासो, नुसतो बघून सोडू नको. खिळ्याकडे ठोक. आणि काढलंस तर फेकू नको, मी येयपर्यंत ठेव.”