आर्वी ते मेलबर्न : ग्राउंड पासवर पाहिलेली ऑस्ट्रेलियन ओपन

टेनिसच्या चार ग्रँड स्लॅम स्पर्धांपैकी कापूस पिकवणाऱ्या माणसाला सवडीने पाहता येईल अशी एकच आहे. फ्रेंच ओपन मेअखेरीस सुरू होते, तेव्हा आमच्याकडे, वर्धा जिल्ह्यातील आर्वीला, बियाण्यांच्या दुकानांपुढे रांगा लागलेल्या असतात. विम्बल्डन ऐन पेरणी-डवरणीत येते. अमेरिकन ओपन पोळ्याच्या सुमारास, म्हणजे फवारणीच्या धामधुमीत. जानेवारीतील ऑस्ट्रेलियन ओपन मात्र अगदी मोक्यावर येते, कारण गुलाबी बोंडअळीच्या धास्तीने फरदड (हंगामानंतरही तेच झाड राखून घेतलेला कापूस) ठेवणे आम्ही सोडून दिले असून डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटली की शेतात उरतो तो हरभरा आणि बांधावरची तूर. शिवाय शेतीपंपाची वीज आमच्या फीडरवर आठवड्यातले काही दिवस रात्रीच येते. मेलबर्नचे घड्याळ जानेवारीत आपल्यापेक्षा साडेपाच तास पुढे असते, त्यामुळे तेथे सकाळी अकराला सुरू होणारा सामना आपल्याकडे पहाटे साडेपाचला दिसतो. रात्रभर ओलित करून मोटर बंद करायची, घरी येऊन चहा मांडायचा आणि पहिला सेट पाहायचा, असा माझा कित्येक वर्षांचा परिपाठ आहे.

मोठ्या भावाची मुलगी मेलबर्नला नोकरी करते. "काकाजी, टीव्हीवरच किती वर्षं पाहणार? या नं आता," असे ती दरवर्षी म्हणत असे. २०२४ च्या जानेवारीत आम्ही उभयता गेलो. शेतीवर जगणाऱ्या कोणाला हा प्रवास करावासा वाटला तर त्याला उपयोगी पडेल, अशा बेताने हे लिहितो आहे.

पहिली अडचण व्हिसाची. अर्ज ऑनलाइन भरता येतो. कठीण असते ते उत्पन्न दाखवणे. नोकरदार माणूस पगारपत्रक जोडतो. शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नसल्याने आपल्याकडे विवरणपत्रही नसते. आम्ही सातबारा आणि आठ-अ यांचे अधिकृत इंग्रजी भाषांतर करून घेतले, बाजार समितीच्या आवारात विकलेल्या कापसाच्या तीन वर्षांच्या पट्ट्या जोडल्या आणि त्याच रकमा बँकेच्या खात्यात कोठे जमा झाल्या त्यावर खुणा करून दिल्या. या खुणांचा फार उपयोग झाला असे माझे मत आहे, कारण कापसाचा पैसा वर्षातून दोन-तीनदाच येतो आणि उरलेले महिने खाते जवळजवळ कोरडे दिसते. कारण कळले नाही तर परक्या माणसाला ते संशयास्पद वाटणारच.

त्यानंतर बोटांच्या ठशांसाठी मुंबईला बोलावणे आले. वर्ध्याहून रात्रीच्या विदर्भ एक्सप्रेसने गेलो. माझे ठसे लगेच उमटले, पत्नीचे मात्र उमटेनात. ऑक्टोबरपासून तिने मजुरांबरोबर वेचा केला होता आणि वाळलेल्या बोंडांच्या टोकांनी तिच्या अंगठ्यांवर व तर्जनीवर इतक्या बारीक चिरा पडल्या होत्या की यंत्राला रेषा सापडतच नव्हत्या. चार वेळा काच पुसून, हात पुसून, पाचव्या खेपेस एकदाचे जमले. ज्यांचे हात शेतात राबतात त्यांनी आठ-दहा दिवस आधीपासून वेचणी बंद ठेवावी आणि रोज रात्री बोटांना खोबरेल तेल चोळावे. ठसे देण्याच्या दिवशी मात्र हात कोरडे असावेत.

खर्चाचे स्पष्टच सांगतो. दोघांचे जाण्यायेण्याचे विमानभाडे दोन लाखांच्या आसपास गेले. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७०२० रुपये होता, म्हणजे नुसत्या विमानात एकोणतीस क्विंटल कापूस गेला. राहण्या-जेवण्याचा खर्च पुतणीकडे वाचला म्हणूनच हे शक्य झाले; तेथे आपले कोणी नसेल तर हा हिशेब पुन्हा मांडून पाहावा.

नागपूरहून दिल्ली आणि दिल्लीहून थेट मेलबर्न असा मार्ग आम्ही घेतला. जानेवारीत दिल्लीला धुके असते, हे तिकीट काढताना पुतणीने बजावले होते. म्हणून दोन विमानांच्या मध्ये नऊ तास ठेवले. नागपूरचे विमान चार तास उशिरा सुटले. शेजारच्या आसनावरील गृहस्थांनी तीनच तास ठेवले होते आणि त्यांचे पुढचे विमान चुकले. मुंबईमार्गे गेल्यास धुक्याची भीती कमी, एवढे ध्यानात असू द्यावे.

ऑस्ट्रेलियात उतरण्यापूर्वी विमानात एक पत्रक भरून द्यावे लागते. गेल्या तीस दिवसांत शेत किंवा गुरेढोरे यांच्याशी संबंध आला काय, असा त्यात एक प्रश्न असतो. आम्ही अर्थातच 'हो'वर खूण केली. अधिकाऱ्याने बूट उलटे करायला सांगितले. तळव्यांच्या खाचांत आमची काळी माती सुकून बसली होती. त्याने ते आत नेऊन धुतले आणि ओलेच एका पिशवीत घालून परत दिले. त्यापेक्षा घरूनच जुन्या ब्रशने तळवे घासून निघावे. पुतणीला सोले फार आवडतात म्हणून पत्नीने ओल्या तुरीचे दाणे सोलून, डब्यात दाबून भरून आणले होते. ताजे दाणे म्हणजे बियाणेच, ते त्या देशात नेता येत नाही. आम्ही पत्रकात ते लिहिले असल्याने दंड झाला नाही, डबा तेवढा रिकामा झाला. लपवले असते तर जबर दंड भरावा लागला असता. संक्रांतीचा तिळगूळ पाहून मात्र त्यांनी जाऊ दिला. काय चालते आणि काय चालत नाही याची पाठांतराने खात्री होत नाही. खाण्याची प्रत्येक वस्तू लिहून द्यावी.

आता मुख्य विषयाकडे येतो. मेलबर्न पार्क हे मैदान यारा नदीच्या काठी, शहराला लागूनच आहे. ही स्पर्धा १९८८ मध्ये कूयाँगच्या हिरवळीवरून येथे आली आणि तेव्हापासून हार्ड कोर्टवर खेळली जाते. तीन मोठी स्टेडियम आहेत, रॉड लेव्हर अरीना, मार्गारेट कोर्ट अरीना आणि जॉन केन अरीना. तिन्हींना सरकते छप्पर आहे. रॉड लेव्हर अरीनात सुमारे पंधरा हजार माणसे बसतात. टीव्हीवर आपण पाहतो ते बहुतेक हेच. त्यामुळे पहिल्यांदा जाणाऱ्याला याच स्टेडियमचे आणि शेवटच्या फेऱ्यांचे तिकीट हवेसे वाटते. माझा सल्ला अगदी उलट आहे : पहिल्या आठवड्यात जावे आणि साधा ग्राउंड पास घ्यावा.

कारण सरळ आहे. एकेरीच्या मुख्य फेरीत पुरुष आणि महिला दोन्हींकडे प्रत्येकी १२८ खेळाडू असतात, आणि पहिल्या दोन-तीन दिवसांत ते सगळे तेथेच, एका आवारात खेळत असतात. ग्राउंड पासवर रॉड लेव्हर आणि मार्गारेट कोर्ट अरीनात जाता येत नाही, परंतु बाहेरची सगळी कोर्टे खुली असतात आणि जॉन केन अरीनातही बिनराखीव जागा मिळते. जो आधी येईल तो बसेल. दुसऱ्या आठवड्यात बाहेरच्या कोर्टांवर मुख्यतः दुहेरीचे आणि कुमारांचे सामने उरतात. स्टेडियमच्या वरच्या रांगेतून खेळाडू मुंगीएवढा दिसतो, तर बाहेरच्या कोर्टावर तुमच्यात आणि त्याच्यात दहा-बारा फुटांचेच अंतर असते. चेंडूवर रॅकेट घासली जाते तेव्हा होणारा आवाज मी तेथे पहिल्यांदा ऐकला; टीव्हीवर नुसता 'टक्' ऐकू येतो, तेथे आधी सुपात धान्य पाखडल्यासारखी सळसळ होते आणि मग ठोका पडतो. सरावाची कोर्टेही चुकवू नयेत. ज्यांना स्टेडियममध्ये पाहायला भरपूर पैसे मोजावे लागतात ते खेळाडू सकाळी तेथे कुंपणापलीकडे घाम गाळताना दिसतात. मुख्य स्पर्धेआधी पात्रता फेरीचा आठवडा असतो, त्यातही आम्ही एक दिवस गेलो. गर्दी थोडी आणि चुरस मात्र मुख्य फेरीहून कमी नाही.

१६ जानेवारीचा मंगळवार आम्ही मुद्दाम राखून ठेवला होता, असे सांगितले तर ते खोटे होईल. कोणता सामना कोणत्या कोर्टावर, हे आदल्या संध्याकाळी जाहीर होते, आणि त्या यादीत सुमित नागलचे नाव दिसल्यावर पुतणीने रजा टाकली. नागल हरियाणातील झज्जर जिल्ह्यातल्या जैतपूर गावचा. तीन पात्रता सामने जिंकून तो मुख्य फेरीत आला होता आणि समोर ३१ वा मानांकित, म्हणजे स्पर्धेने क्रमवारीवरून आधीच वरचे ठरवलेल्या ३२ जणांपैकी, अलेक्झांडर बुब्लिक होता. काही महिन्यांपूर्वीच, सप्टेंबर २०२३ मध्ये, आपल्या बँक खात्यात ९०० युरोच उरल्याचे नागलने जाहीरपणे सांगितले होते, आणि ते वाचून मला आमच्या हंगामाआधीच्या पासबुकाची आठवण झाली होती.

सामना बाहेरच्या कोर्टावर होता, म्हणजे आमच्या पासवर चालणारा. आधीचा सामना संपण्यापूर्वीच जाऊन बसलो, आणि हे ज्याला जमेल त्याने अवश्य करावे, कारण नंतर बाहेर लांबच लांब रांग लागली आणि आपल्या देशाचे कित्येक लोक कुंपणाला चिकटून उभे राहिले. त्या वर्षीपासून दोन गेमच्या मध्येही प्रेक्षकांना आत सोडू लागले होते, पूर्वी खेळाडूंनी बाजू बदलेपर्यंत थांबावे लागे. तरी जागा रिकामी झाल्याशिवाय आत घेत नाहीत. तिरंगे फडकत होते, गलका इतका की पंचाला वारंवार शांततेची विनंती करावी लागत होती. बुब्लिक मनमौजी खेळाडू आहे. मध्येच हाताखालून सर्व्हिस करील, मध्येच नाहक ड्रॉप शॉट टाकील. नागल मात्र बैल जसा तास सोडत नाही तसा बेसलाइन न सोडता परतवत राहिला. पत्नीला टेनिसचे गुण मोजता येत नाहीत, पण पहिल्याच सेटमध्ये बुब्लिककडे पाहून ती म्हणाली, "तो लांबचा लवकर थकते का नाही पाहा." ६-४, ६-२ आणि तिसरा सेट टायब्रेकमध्ये ७-६ असा नागल जिंकला. ग्रँड स्लॅमच्या एकेरीत भारतीय पुरुषाने मानांकित खेळाडूला हरवले ते १९८९ नंतर प्रथमच. तेव्हा याच स्पर्धेत रमेश कृष्णनने मॅट्स विलँडरला हरवले होते. या एका विजयाने नागलचे किमान १ लाख ८० हजार ऑस्ट्रेलियन डॉलर, म्हणजे सुमारे ९८ लाख रुपये निश्चित झाले. गुरुवारी चीनच्या शांग जुनचेंगविरुद्ध पहिला सेट घेऊनही तो चार सेटमध्ये हरला. तोही सामना आम्ही पाहिला; त्याबद्दल फारसे लिहावेसे वाटत नाही.

रेषांवर उभे राहणारे पंच आता तेथे नसतात, हे पत्नीच्या आधी लक्षात आले. २०२१ पासून सगळ्या कोर्टांवर कॅमेरेच चेंडू आत की बाहेर ते ठरवतात आणि ध्वनिमुद्रित आवाजात 'आउट' ऐकू येते. खेळाडूला रेषेवरच्या निकालाबद्दल हुज्जत घालायला माणूसच समोर नसल्याने टीव्हीवर लहानपणी पाहिलेली भांडणे संपली, याची मला थोडी चुटपुट लागली.

उन्हाविषयी आम्हा वैदर्भीयांना एक फाजील आत्मविश्वास असतो. "एवढी ऊन तं आपल्याकडे मार्चातच रायते," असे म्हणत पत्नीने पहिल्या दिवशी मलम लावू दिले नाही आणि संध्याकाळी तिचे नाक व मनगटे भाजल्यासारखी लाल झाली. तेथे हवा तापलेली नसतानाही सूर्याचे अतिनील किरण फार तीव्र असतात; घामावरून उन्हाचा अंदाज बांधू नये. टोपी आणि आपला सुती दुपट्टा असावा, आणि दर दोन तासांनी सनस्क्रीन लावावे. खरा उन्हाळाही तेथे येतोच : २०१४ च्या स्पर्धेत सलग चार दिवस पारा ४१ अंशांच्या वर होता. आता तापमान, आर्द्रता, वारा आणि सूर्यकिरणांची धग पाहून १ ते ५ अशी उष्मापट्टी ठरवतात आणि ती ५ वर गेली की बाहेरच्या कोर्टांवरील खेळ थांबतो. ग्राउंड पासवाल्याचे त्या दिवशी सर्वाधिक नुकसान होते, म्हणून हवामानाचा अंदाज पाहून मगच दिवस निवडावा. उलट संध्याकाळी दक्षिणेचा वारा सुटला की तासाभरात स्वेटर लागतो.

पाण्याची रिकामी बाटली बरोबर न्यावी, आत ठिकठिकाणी नळ आहेत. काचेची बाटली मात्र चालत नाही. घरचे खाणे नेता येते. आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेत असू, कारण आतले दर पाहून जीव दडपतो. पुतणी टार्नीटला राहते. तेथून आगगाडीने सदर्न क्रॉस स्टेशन आणि पुढे फ्लिंडर्स स्ट्रीटवरून ७० क्रमांकाची ट्राम थेट मैदानाच्या दारी सोडते. पायी जायचे तर फेडरेशन स्क्वेअरपासून नदीकाठाने पाव तासाची वाट आहे, आणि ती ट्रामपेक्षा बरी. रात्रीच्या सत्रात सामने किती लांबतील त्याचा नेम नसतो. त्याच वर्षी मेदवेदेवचा दुसऱ्या फेरीचा सामना पहाटे पावणेचारच्या सुमारास संपला. परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ आधी पाहून ठेवावी.

२७ तारखेला आम्ही घरी परतलो होतो. वयाच्या ४३ व्या वर्षी रोहन बोपण्णाने मॅथ्यू एब्डनबरोबर पुरुष दुहेरीचा अंतिम सामना जिंकला, तो मी हरभऱ्याच्या धुऱ्यावर मोबाइलवर पाहिला. रॉड लेव्हर अरीनाची झगमग बघून पत्नी म्हणाली, "इथं तं आपण गेलोच नाही." मग कॅमेरा वर गेला, सगळे आवार एकदम दिसू लागले, तशी मोबाइल माझ्या हातातून घेऊन ती कडेच्या निळ्या चौकोनांत आमचे कोर्ट शोधू लागली.