हे आम्ही रोज बघतो

गुरुवार, रात्री उशिरा

काका-काकूंना दादरला महालक्ष्मीत बसवून घरी आले. स्कॅन चांगला आलाय, पुढची तारीख थेट दिवाळीनंतरची. खूश असायला हरकत नव्हती, पण काकूंचं गाडी सुटेपर्यंत एकच चाललं होतं, "त्या सिस्टरना भेटायचं राहिलं गं." सर्जन भेटले होते, मोठे डॉक्टर भेटले होते. तरी जीव अडकला तो सिस्टरमध्ये. असं का, याचा विचार करत बसलेय.

काकांच्या आजाराचं नाव जिस्ट. नेहमीचा जठराचा कॅन्सर आतल्या अस्तरातून सुरू होतो, हा भिंतीच्या स्नायूंच्या थरातून. वर्षाला दहा लाखांत साधारण १० ते १५ जणांना होतो. गावात "कसला कॅन्सर?" असं विचारलं की काकू "पोटाचा" म्हणायच्या आणि समोरचा आपल्या ओळखीतल्या पोटाच्या कॅन्सरची कहाणी लावायचा. त्यातलं आम्हाला काहीच लागू नसायचं. केमो किती झाल्या? एकही नाही. केस गेले नाहीत? नाही. मग नक्की कॅन्सरच आहे ना? एकाने तर डॉक्टर फसवताहेत असं सुचवून पाहिलं. नेहमीचा आजार असला की निदान शेजारपाजारचे अनुभव उपयोगी पडतात. इथे तेही नाही.

पहिल्या रिपोर्टवर लायोमायोसार्कोमा, म्हणजे स्नायूंचा कॅन्सर, असं लिहिलं होतं. त्या पॅथॉलॉजिस्टला दोष द्यावासा वाटत नाही. जिस्ट वेगळा आजार आहे हेच जगाला नीट कळलं १९९८ च्या सुमाराला, केआयटी जनुकातला बिघाड सापडला तेव्हा. त्याआधी या गाठी स्नायूंच्या गाठींतच मोजल्या जायच्या. गावाकडच्या डॉक्टरांनी मात्र सरळ सांगितलं, "मी असली केस पाहिलेली नाही. परळला जा." हे वाक्य फार कमी डॉक्टर बोलतात. पुढचं सगळं त्यामुळे झालं.

टाटा मेमोरियलमध्ये बायोप्सीच्या काचा आणि मेणाचे ब्लॉक पुन्हा तपासले. सीडी ११७ आणि डॉग १, जिस्ट ओळखायच्या या दोन्ही खुणा पॉझिटिव्ह. मग केआयटी जनुकाची तपासणी, त्यात बिघाड निघाला एक्सॉन ११ मध्ये, म्हणजे जनुकाच्या अकराव्या तुकड्यात. काकू अजून "यांचा अकरा नंबर लागला" असंच सांगतात, आणि चूक नाही, कारण अकरावर इमॅटिनिबची रोजची ४०० मिलिग्रॅमची गोळी चांगली लागू पडते. नऊ निघाला असता तर डोस वाढवायचा विचार झाला असता. एका वेगळ्या जनुकाच्या ठरावीक बिघाडावर तर ही गोळी चालतच नाही. म्हणजे काकांच्या उपचारातली सगळ्यात मोठी गोष्ट लॅबमधल्या ज्या माणसाने ठरवली, त्याचं तोंडही आम्ही पाहिलेलं नाही.

ऑपरेशनआधी गाठ आटोक्यात आणायला गोळी सुरू झाली. त्यानंतरचा पहिला सीटी स्कॅन गावाकडे काढला. रिपोर्ट आला: गाठ किंचित वाढली आहे. घरात चूल पेटली नाही त्या दिवशी. परळला डॉक्टरांनी जुना आणि नवा स्कॅन शेजारी लावला आणि गाठीचा रंग बघायला सांगितलं. आधी करडी होती, आता बरीच काळी. आतून मरतेय, म्हणून घनता उतरलीय. आकार कधी तसाच राहतो, कधी थोडा फुगतोसुद्धा. जिस्टमध्ये नुसती मोजपट्टी लावून चालत नाही. रिपोर्टमधलं माप बरोबर होतं, अर्थ वेगळा होता. तो सांगणारं कोणी नसतं तर एक चांगलं चाललेलं औषध आम्ही बंद करायला लावलं असतं.

आणि परळच्या त्या सिस्टर. काकांच्या डोळ्यांभोवती सूज आली, सकाळी तर ओळखू येत नसत. गावाकडे किडनीच्या तपासण्या झाल्या, नॉर्मल आल्या. मग कोणीतरी म्हणालं गोळी उष्ण पडतेय, आणि काकांनी ती गुपचूप बंद केली. मी सिस्टरना फोन लावला. त्या हसल्याच. "डोळे सुजले ना? हे आम्ही रोज बघतो." मग आवाज बदलून, "काकांना फोन द्या." गोळी बंद केली तर दबलेली गाठ पुन्हा उठू शकते, हे त्यांनी काकांना स्वच्छ शब्दांत ऐकवलं. पोटऱ्यांत गोळे येतात का? गोळी भरल्या पोटी घेता का, ग्लासभर पाण्याबरोबर? कोणाचा काढाबिढा चालू आहे का? (होता.) काका कोणाचं ऐकून घेणारे नव्हेत. त्यांचं ऐकलं, कारण काय काय होत असेल ते आम्ही न सांगताच त्या विचारत होत्या.

आधीच्या दवाखान्यात लोक प्रेमळ होते. पण काका प्रत्येकाला कोड्यासारखे वाटायचे, आणि ते त्यांना जाणवायचं. परळला त्यांच्यासारखे आणखी दोघे बाकावर बसलेले भेटले, दोघांचेही डोळे सुजलेले. काकांनी त्या दिवशी बरोबर आणलेले पराठे खाल्ले.

गोळीच्या किमतीचं ओझं फारसं नाही, ते आधीच्या लोकांच्या लढाईमुळे. १ एप्रिल २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने ही गोळी मुळात काढणाऱ्या नोव्हार्टिस कंपनीचा पेटंटचा दावा फेटाळला आणि भारतीय कंपन्यांच्या स्वस्त गोळ्यांची वाट मोकळी राहिली. पण स्वस्त गोळी आणि ती समजून देणारं माणूस, या दोन्ही गोष्टी लागतात. दुसरीसाठी कोणी कोर्टात जात नाही. टाटाने 'केवट' नावाचा अभ्यासक्रम काढलाय, रुग्णाला हाताला धरून वाट दाखवणारी माणसं तयार करण्यासाठी. चांगलंच आहे. मात्र हे सगळं परळमध्ये, आणि काकांचे बहुतेक दिवस कराडजवळ जातात. रात्री गोळे आले तर दारात येणार ते गावचेच डॉक्टर.

म्हणून आज मी ओपीडीत हट्ट धरला: गावच्या डॉक्टरांसाठी पानभर लिहून द्या. काय झालं तर घाबरायचं नाही, काय झालं तर लगेच पाठवायचं, आणि स्कॅन तिकडे काढला तरी सीडी इकडे दाखवायची. ज्युनियर डॉक्टर आधी वैतागल्या, मग बसून नीट लिहिलं, खाली युनिटचा नंबरही टाकला. पत्र काकूंच्या पिशवीत आहे, फोटो माझ्याकडे. सकाळी तो गावच्या डॉक्टरांना पाठवायचा आणि मिळाला का ते फोन करून विचारायचं.