मोठ्या टर्बोची हौस

माझी ऑक्टाव्हिया आरएस जुनी, १.८ लिटर टर्बो पेट्रोल. टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा. मूळचा टर्बो के०३ मॉडेलचा, म्हणजे चिमुकला. खालच्या आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्या) लगेच ढकलतो, पण साडेपाच हजारांच्या पुढे त्याला धाप लागते. ती धाप मला खुपायची. म्हणून एकाकडून सेकंडहँड जीटी२८७१आर हा बराच मोठा टर्बो घेतला. यातले ७१ म्हणजे कॉम्प्रेसरच्या, म्हणजे हवा दाबणाऱ्या, चाकाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. टर्बाइन हाउसिंग, म्हणजे एक्झॉस्टच्या बाजूचं कवच, ०.८६ ए/आरचं; हा आकडा जितका मोठा, तितका टर्बो उशिरा जागा होतो.

हायवेवर चार हजारांच्या वर मजा यायची, खोटं कशाला बोलू! पण कात्रजच्या जुन्या घाटात, दुसऱ्या गिअरमध्ये, पुढे उसाचा ट्रक... पाय दाबला की आधी नुसती शिट्टी, आणि जोर येईपर्यंत पुढचं वळण आलेलं. शेजारी बसलेली बायको म्हणाली, "अहो, रिक्षा गेली की पुढे."

मग हिशेब मांडला. उशिराच. १.८ लिटर, ६५०० आरपीएम, एक बार बूस्ट, म्हणजे टर्बोने दिलेला हवेचा जादा दाब. इंजिन मिनिटाला साधारण ११ किलो हवा खातं, म्हणजे ढोबळमानाने अडीचशे हॉर्सपॉवर. २८७१ याहून कितीतरी जास्त हवा देऊ शकतो. ती वापरायची तर आधी कनेक्टिंग रॉड बदला, इंजेक्टर बदला, क्लच बदला. ऑफिसला जायच्या गाडीत?

शेवटी त्याहून लहान जीटी२८६०आरएस बसवला, ०.६४ हाउसिंगचा. दोन्हींचा फ्लँज, म्हणजे जोडणीची पट्टी, टी२५ मापाचा, त्यामुळे मॅनिफोल्ड (इंजिनातून टर्बोकडे जाणारा एक्झॉस्टचा पाइप) तोच चालला. आता सव्वातीन हजारांना पूर्ण बूस्ट मिळतो.

२८७१ अजून पलंगाखाली आहे, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. घरी मात्र 'विकला' असं सांगितलंय.